ज्यूसर घेण्याआधी फळांची टोपली पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या वृत्तपत्रात कूलरच्या शेजारी ज्यूसरच्या जाहिराती दिसू लागतात. त्यांत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत वॅट छापलेले असतात. गिऱ्हाईकही दुकानात पहिला प्रश्न तोच करते. घरात कोणते फळ येते, हे ना दुकानदार विचारतो ना गिऱ्हाईक सांगते. दुरुस्तीच्या टेबलावर येणारे बरेच ज्यूसर चुकीच्या फळाने मारलेले असतात, म्हणून हे पत्र.

रावेर-यावल पट्ट्यात केळी, शहाद्याकडे पपई, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरोघर आंबा. आपली ही तीन लाडकी फळे, आणि तिन्ही ज्यूसरच्या कामाची नाहीत. पाणी त्यांच्यात असते, पण ते गरात धरून राहते, सुटे होत नाही. फिरत्या जाळीवर गर लेपासारखा बसतो, भोके बुजतात, जाळी एका अंगाला जड होते आणि अख्खे यंत्र ओट्यावर नाचू लागते. केळीचा आणि पपईचा शेक हे मिक्सरच्या भांड्याचे काम. आमरस हाताने पिळून चाळणीतून काढावा. फारच मोठी पंगत असेल तर मिक्सर. चिकू, सीताफळही याच रांगेतले.

मग ज्यूसर कशासाठी? मोसंबी, संत्री, लिंबू, डाळिंब, गाजर, बीट, आवळा, सफरचंद, द्राक्षे यांच्यासाठी. यांतली मोसंबी-संत्रीच जर घरात जास्त येत असतील, तर हजारोंचे यंत्र घेण्याची गरज नाही. २५ ते ४० वॅटचा, वर शंकू असलेला साधा सिट्रस ज्यूसर पुरतो. त्यात चुकण्यासारखेही फार नसते. फळ फ्रीजमधून काढले असेल तर अर्धा तास बाहेर ठेवावे, तळहाताखाली दाबून ओट्यावर दोनदा लोळवावे आणि देठ वर धरून आडवे कापावे, म्हणजे सगळ्या फोडींची तोंडे उघडतात. अर्धे फळ शंकूवर ठेवून बेताने दाबावे. शंकू कधी उजवीकडे फिरतो, कधी डावीकडे. तो बिघाड नाही, या छोट्या मोटारी दोन्हीकडे सुरू होतात. जोर लावून शंकू थांबवला की मात्र आतले प्लॅस्टिकचे गिअर दाते सोडतात. एक किलो मोसंबीला साधारण ४०० ते ५०० मि.ली. रस धरावा.

या ज्यूसरचे मरण बहुतेक वेळा एकाच वाटेने येते. भांडे काठोकाठ भरू दिले की मधल्या नळीवरून रस खाली मोटारीत उतरतो, साखर वाळते, दांडा चिकटतो. भांडे दोन तृतीयांश भरले की ओतून घ्यावे, आणि काम संपताच ओल्या फडक्याने दांडा पुसावा. पाच लिंबांसाठी मात्र यंत्र काढूच नये. ते धुवायला लागणाऱ्या वेळात दहा लिंबे हाताने पिळून होतात.

मोसंबीचा रस कडू होतो, अशी तक्रार नेहमी येते आणि दोष यंत्राला दिला जातो. खरे कारण पांढरी साल आणि बिया. त्यांतल्या एका घटकापासून आंबट रसात हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होते, म्हणून काढल्याबरोबर गोड लागलेला रस दोन तासांनी कडवट लागतो. मोसंबी गाजराच्या ज्यूसरमध्ये घालायचीच असेल तर पांढरा पापुद्रा आणि बिया काढून घालावी, आणि रस लगेच प्यावा.

गाजर, बीट, सफरचंद यांसाठी दोन जातीची यंत्रे. पहिले जुन्या ओळखीचे: मिनिटाला १०,०००च्या घरात फेरे घेणारी, तळाशी किसणी असलेली स्टीलची जाळी. फळ किसले जाते, चोथा जाळीवर आपटतो, रस भोकांतून बाहेर फेकला जातो. दुसरे कोल्ड प्रेस किंवा स्लो ज्यूसर: मिनिटाला ४० ते ८० फेरे घेणारा जाड स्क्रू फळ दाबत पुढे नेतो. याचे वॅट कमी, १५० ते २५०च्या आसपास, म्हणून हलका समजू नये. ताकद गिअरमुळे येते. वॅट पाहून यंत्र निवडणाऱ्याची फसगत नेमकी इथे होते.

कोल्ड प्रेसमध्ये जीवनसत्त्वे वाचतात आणि जाळीच्या यंत्रात उष्णतेने मरतात, असे विक्रेते सांगतात. जाळीच्या यंत्रात रस काही क्षणच राहतो, तो असा तापत नाही. फरक हवेचा आहे. वेगाने फिरल्यामुळे रसात हवा मिसळते, फेस येतो, रंग लवकर काळवंडतो आणि पाणी वेगळे होते. काढून पाच मिनिटांत पिणाऱ्या घराला हा फरक फारसा जाणवणार नाही. पालक, आवळा, आले, डाळिंबाचे दाणे रोज काढणाऱ्याला स्लो ज्यूसर परवडतो, कारण चोथा जास्त कोरडा निघतो. डाळिंबाची साल किंवा दाण्यांमधले पिवळे पडदे आत गेले तर मात्र रस कोणत्याही यंत्रात तुरट होतो.

जाळीच्या यंत्राची शिस्त अशी. आधी झाकणाचे दोन्ही क्लिप लावावेत, मग बटण, मोटारीने वेग घेतल्यावर फळ. बंद यंत्रात फळ कोंबून बटण दाबले तर मोटार अडते, आणि अडलेली मोटार कित्येक पट विजेने तापते. फळ फक्त सोबत आलेल्या दट्ट्यानेच ढकलावे. बोट नाही, चमचा नाही, लाटणे तर नाहीच. गाजर मऊ दाबाने, सावकाश. घाई केली की चोथा ओला निघतो आणि रस चोथ्याबरोबरच वाया जातो. ज्या यंत्रात चोथा जाळीतच साठतो, तिथे अर्धा-पाऊण किलो गाजरे झाली की थांबून जाळी मोकळी करावी. आल्याच्या आडव्या पातळ चकत्या कराव्यात, कारण त्याचे धागे उभे असतात आणि उभा तुकडा गुंडाळून बसतो. पालकाच्या पानांची घट्ट सुरळी करून दोन गाजरांच्या मध्ये द्यावी. आवळा, बोर, जांभूळ यांच्या बिया आधी काढायच्या. मेहरूणच्या बोरांवर कितीही प्रेम असले तरी. ऊस घरच्या कोणत्याच ज्यूसरमध्ये घालू नये, स्लो ज्यूसरचा स्क्रूच तडकतो.

स्लो ज्यूसर अडला तर बटण बंद करून उलटे फिरवायचे बटण दोन-तीन सेकंद दाबावे, मग पुन्हा सरळ. तरीही न सुटल्यास प्लग काढून भांडे उघडावे. त्याच्या तळाच्या रबरी सीलकडे फार थोडे लोक लक्ष देतात. धुतल्यावर सील उलटे बसले किंवा त्यात गाजराचा कण राहिला, की रस खालून झिरपतो.

आता आपल्याकडची खास अडचण. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि गावाकडे संध्याकाळी २३०च्या जागी १८० व्होल्ट. व्होल्टेज पडले की मोटार हळू फिरते. मोटार थंड करणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो, तोही हळू होतो. म्हणजे तापणे तेवढेच, थंड होणे कमी. शिवाय वेग नसल्याने जाळी चोथा पिळू शकत नाही. घरातला पंखा रेंगाळताना दिसला तर ज्यूसर लावू नये, सकाळी लावावा. माहितीपत्रकात सलग किती वेळ चालवायचे ते दिलेले असते. मे महिन्यात त्याच्या अर्ध्यावरच थांबावे. यंत्र अचानक बंद पडले तर बुडाखालचे लाल बटण बाहेर आले आहे का पाहावे. ते ओव्हरलोडचे, म्हणजे जास्त भार पडल्यावर वीज तोडणारे असते. प्लग काढून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, मग दाबावे. लगेच दाबून पुन्हा चालवणाऱ्याचे वाइंडिंग जळते.

आवाजावरून बरेच कळते. मोटार गुंजते पण जाळी फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटार आणि जाळी यांना जोडणारा तुकडा, झिजला. हवेच्या भोकांतून मोठ्या ठिणग्या आणि जळका वास येत असेल तर मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश संपत आले. दोन्ही ब्रश एकदम बदलावेत, एकच नाही. नव्या यंत्राचा पहिल्या दोन-तीन वापरांतला वार्निशचा वास वेगळा, त्याने घाबरू नये. जाळीला बारीकशी चीर किंवा किसणीचा सैल रिव्हेट दिसला तर मात्र दुरुस्तीच्या भानगडीत न पडता जाळी नवी घ्यावी. त्या वेगाला फुटलेली जाळी झाकण फोडून बाहेर येऊ शकते.

जाळी वापरल्याबरोबर उलटी धरून नळाखाली, बाहेरच्या बाजूने आत, ब्रशने धुवावी. वाळलेला चोथा मग तासभर भिजवूनही निघत नाही. आपल्या बोअरच्या जड पाण्याने भोकांवर पांढरा थर चढतो. महिन्यातून एकदा लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास बुडवावी. गाजराने प्लॅस्टिक पिवळे पडते, ते साबणाने निघत नाही. थोडे गोडेतेल चोळून मग धुवावे, कारण तो रंग तेलात विरघळतो. चोथा ढोरांना द्यावा, किंवा गाजराचा असेल तर थालीपिठात.

दुकानात यंत्र हातात घेतल्यावर आयएसआय खूण आणि तीन पिनांचा प्लग पाहावा, आणि घरात अर्थिंग खरेच जोडलेले आहे ना हेही. नंतर दुकानदाराला विचारावे: या मॉडेलची जाळी आणि कपलर सुटे मिळतात का? दाखवा. मोटारीची पाच वर्षांची हमी जाळी मिळत नसेल तर कागदच. हमीकार्डावर शिक्का आणि तारीख घ्यावी. पक्के बिल असूनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपल्याला एक विनंती. ज्यूसरच्या जाहिराती छापताना कंपन्यांना सुचवावे, की वॅटच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत यंत्र सलग किती मिनिटे चालते आणि जाळी सुटी किती रुपयांना मिळते, हेही छापा.

आपले,
घरगुती विद्युत उपकरणे दुरुस्त करणारे काही कारागीर, जळगाव