'अर्ज निकाली काढण्यात येत आहे' : कामगार मंत्र्यांना एका मुकादमाचं खुलं पत्र

मा. कामगार मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातला. आधी गवंडी होतो, गेली अकरा वर्षं मुकादमी करतो. आपला वेळ मोलाचा आहे म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण परवा सरकारी कार्यालयातून हातात पडलेल्या कागदानं ते जमेल असं वाटत नाही. कागदावर लिहिलंय : 'सदर बाब ही आपण व कंत्राटदार यांच्यातील खासगी बाब असल्याने या कार्यालयाशी संबंधित नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' याच कार्यालयातल्या साहेबांनी पंधरा दिवसांत आमची बुडालेली मजुरी मिळवून देतो म्हणून शब्द दिला होता. पंधरा दिवसांचे सात महिने झाले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, ठेकेदाराचंही नाही. पुढच्या कामाला मला त्याच दारात उभं राहायचंय.

तर खासगी बाब अशी. गेल्या वर्षी एका सरकारी इमारतीच्या कामावर मी २२ माणसं नेली, त्यात सहा बाया. ४१ दिवस काम झालं. हजेरीपुस्तकावर दाखवलेली मजुरी कायद्याला धरून, हातात पडली ती रोज १४० रुपयांनी कमी. हिशेब करा साहेब, सव्वा लाखाच्या वर जातो.

मी माहितीच्या अधिकारात मजुरीवाटपाच्या रजिस्टरची नक्कल काढली. दहा रुपयांचं तिकीट लावून एवढी करमणूक कुठं मिळत नाही. आमच्यातली एक बाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकली. तिला त्या सहीचं एवढं कौतुक की रेशन दुकानात अंगठा मशीनवर ठेवायला सांगितलं तरी आधी पेन मागते. रजिस्टरवर तिच्या नावापुढं अंगठा! तिच्या वरच्या ओळीत जो माणूस आहे तो बाप वारला म्हणून नऊ दिवस गावी होता, त्याची हजेरी भरलेली. आणि खाली शिक्का : रक्कम माझ्या समक्ष मजुरांस अदा करण्यात आली. त्याखाली खात्याच्या साहेबांची सही, तारीख धुळवडीची. त्या दिवशी साइटवर कुत्रं नव्हतं. साहेबांच्या समक्ष कुणाला पैसे अदा झाले, हे त्यांनाच ठाऊक.

हा शिक्का का असतो ते मला आधी माहीत नव्हतं. तालुक्याच्या एका वकिलानं समजावलं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं की मजुरी वाटताना मूळ मालकाचा माणूस हजर पाहिजे. ठेकेदारानं कमी दिली किंवा बुडवली तर मूळ मालकानं ती द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घ्यायची. सरकारी कामावर मूळ मालक म्हणजे ते खातं. म्हणजे सरकार. ठेकेदाराची सुरक्षा अनामत आजही त्याच खात्याकडं पडून आहे. पैसा त्यांच्याच हातात, कायदा त्यांच्याच कपाटात, आणि बाब खासगी!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे आले. आता मजुरी बँकेतून द्यायची. चांगलंय. फक्त पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं ते एकदा साइटवर येऊन बघा. निरीक्षकाचं नावही आता 'निरीक्षक-नि-सुलभकर्ता' झालंय. सुलभ कुणाचं होतं ते आम्ही बघतोच आहोत. पन्नासच्या आत मजूर असले की ठेकेदाराला कंत्राटी मजुरांचे नियम लागू नाहीत, म्हणून पुढच्या कामावर ४९ च माणसं दाखवणार, असं ठेकेदारानं मला आत्ताच सांगून ठेवलंय.

ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणतो, माझंच बिल निघालं नाही. खोटं म्हणवत नाही. त्यांची संघटना २०२५ साली सरकारकडं ८९ हजार कोटी थकल्याचं सांगत होती. पण काम घेतलं वीस टक्के बिलोनं, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा तेवढ्या कमी दरानं, कुणी चोवीस म्हणतं. सिमेंटवाला बिलो देत नाही, सळईवाला देत नाही, डिझेल तर नाहीच. सरकारी दरसूचीत मजुरी पुरी धरलेली असते. मग ते वीस टक्के कुणाच्या अंगातून निघतात, हे टेंडर उघडताना एकाही इंजिनियरच्या मनात येत नसेल?

आता माझं सांगतो. मी गावातून माणसं नेली माझ्या शब्दावर. त्या सहीवाल्या बाईचा नवरा रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. भांडत नाही, चहा घेतो, जातो. भांडला असता तर बरं होतं. मी आतापर्यंत ३८ हजार पदरचे वाटले, त्यासाठी बायकोची पोत सोसायटीच्या सचिवाकडं गहाण आहे. पोराचं आयटीआयचं एक वर्ष गेलं. आठवडी बाजारात जायचं मी सोडलंय.

मी काही साधू नाही. माणसामागं रोज वीस रुपये मीही घेतो. १९८२ सालच्या दिल्लीतल्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई खेळांच्या बांधकामाचा खटला त्या वकिलानं वाचून दाखवला. तिथं रोज ९.२५ रुपये ठरले होते, जमादार, म्हणजे माझ्यासारखेच मजूर आणणारे, एक रुपया कापून ८.२५ देत. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगार. ऐकताना मान खाली गेली. आम्ही हाताखालच्या माणसाला बिगारी म्हणतो, तो शब्द किती खरा आहे ते तेव्हा कळलं. पण माझ्या वीस रुपयांची चौकशी करा ना! त्या निमित्तानं तरी १४० ची होईल.

बाबासाहेब १९४२ ते ४६ दिल्लीत मजूरमंत्री होते तेव्हा सरकारी बांधकामाचं खातंही त्यांच्याकडंच होतं, आणि किमान वेतनाचं विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडलं. राबवणारा आणि मजुरी ठरवणारा एकच माणूस. आज दोन खात्यांना दोन मंत्री आहेत आणि आमचा अर्ज जिन्यात आहे. लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० देता, उपकार आहेत. त्याच बहिणीच्या घामाचे ४१ दिवसांचे ५,७४० गेले की ती खासगी बाब. बांधकाम कामगार कल्याण बोर्डानं भांड्यांचा संच दिला, तो अजून खोक्यात आहे. पेटी उघडून फोटो काढायला मात्र तिघं आले होते.

मला भाषण नको, समितीही नको. ठेकेदाराची अनामत सोडायच्या आधी २२ जणांचा फरक त्यातून वळता करा, आणि धुळवडीच्या दिवशी सही करणाऱ्या साहेबांना विचारा की त्या दिवशी ते कुठं होते. नक्कल माझ्या मोबाईलमध्ये आहे, मागाल तेव्हा पाठवतो.

बुधवारी आमच्याकडं बाजार असतो. त्याच्या आत काही कळलं तर बरं होईल.

आपला,
एक मुकादम