सुन्या, गाडी उजवीकडून वर होती

सांगली
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहितोय. आम्ही सगळे बरे आहोत, आईचे गुडघे तसेच. आता ऐक.

आप्पांची गाडी डावीकडं का झुकते, ते कोडं सुटलं. अर्धं सुटलं म्हण.

दिवाळीत तू फाळक्यामागं उभा राहून म्हणाला होतास, "डावा पाटा बसलाय, मागच्या स्प्रिंगची कमान गेलीय." तू एकटाच नाही, जो येईल तो तेच म्हणायचा. म्हणून मिरजेच्या चाचांकडं डावा पाटा नेला. चाचांचं काम तुला माहीत आहे. गॅसची बत्ती मारून नुसता वाकवलेला पाटा थोड्याच दिवसांत परत बसतो. त्यांनी भट्टीत लाल करून कमान चढवली, तेलात बुडवला आणि मग पुन्हा बेताच्या आचेवर ठेवून पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, बरोबर केलं. गाडी मागून अगदी सरळ दिसायला लागली. सगळे खूश. मला मात्र पुढून बघवेना. नाक अजून डावीकडंच झुकलेलं होतं.

टेप काढला. चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. हो, तिथूनच! जमिनीपासून मोजलं की टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते, हे मी तुला तेव्हाही सांगत होतो आणि तू "डोळा चुकत नाही" म्हणत होतास. लेका, त्याच डोळ्यानं तू गणपतीच्या मांडवाचा खांब रोवला होतास आणि मंडळानं पाचही दिवस त्याला दोरी बांधून ठेवली होती. असो. पुढं डावीकडं 41 सेंटीमीटर, उजवीकडं 44. एवढा फरक डोळ्यालाही दिसतो.

मग बेदाण्याच्या शेडमध्ये गाडी घेतली, तिथला कोबा लेव्हल ट्यूबनं तपासून घेतलेला आहे. चारी टायरांत हवा सारखी केली, पुढच्या चाकांना दगड लावले आणि मागच्या ॲक्सलवरच्या गोळ्याच्या, डिफरन्शिअलच्या, बरोबर मध्यावर एकच जॅक घालून मागची चाकं जमिनीपासून सुटतील एवढी उचलली. आता बघ, मागचा भार एकाच ठिकाणी, मधोमध टेकलेला. मागचे पाटे गाडीला ना डावीकडं ओढू शकत, ना उजवीकडं. तिरकेपणा मागचा असेल तर गाडी सरळ व्हायला हवी. ती झाली नाही, डावीकडंच झुकलेली राहिली. म्हणजे पाट्यावर इतके दिवस नुसताच आळ होता.

धाकटा लगेच म्हणाला, डावा टॉर्शन बार, म्हणजे पुढची पिळाची स्प्रिंग, थकलाय, बोल्ट आवळून उंची घे. मी हात लावू दिला नाही. बोल्ट फिरवला की उंची येते हे मलाही कळतं, पण दुखणं आतच राहतं आणि बारवर उगाच ताण चढतो. आधी दोन्ही बाजू जोडणाऱ्या अँटी-रोल बारच्या लिंक सोडून बघितल्या, फरक शून्य. बार अदलाबदल झालेत का तेही बघितलं, कारण डावा-उजवा बार कारखान्यातच आपापल्या बाजूला पीळ देऊन आलेला असतो, उलटा बसवला तर टिकत नाही. खुणा बरोबर होत्या. मग उजवं चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, लोअर आर्मच्या, बुशांवर, म्हणजे सांध्यातल्या रबरांवर, बॅटरी मारली. कोरी करकरीत! गेल्या वर्षी एका गॅरेजात फक्त उजवीकडचे बुश बदलले होते, तेव्हा मी द्राक्षांच्या गडबडीत होतो आणि गाडी ड्रायव्हरनं नेली होती.

चाकं जमिनीवर ठेवूनच त्या आर्मचे बोल्ट सैल केले. फट् असा आवाज आला आणि उजवी बाजू माझ्या डोळ्यांसमोर खाली आली. सुन्या, तू तिथं असायला हवा होतास. मी ओरडलोच.

बुशाचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. गॅरेजवाल्यांनी चाक जॅकवर लोंबकळत असताना बोल्ट आवळले. गाडी खाली आली की रबर पिळ खाऊन आर्मला परत खाली ढकलत राहतं, म्हणजे ती बाजू उचलून धरतं. त्यात आपली गाडी मुद्दाम खाली बसवलेली, लोंबकळणारा आर्म आणि उभ्या गाडीचा आर्म यांत अंतर जास्त, मग पीळही जास्त. आपण सगळे डावीकडं बघत होतो आणि चूक उजवीकडच्या वर राहिलेल्या बाजूची होती. गाडी हलवून, दाबून, मागं-पुढं ढकलून बसू दिली आणि मग बोल्ट आवळले. डावीकडं 41.5, उजवीकडं 42. आता अलाइनमेंट करून घेईन.

पुढचं सांगतो, खरी काळजी तिथंच आहे. पुढचं सरळ झाल्यावर मागं कमान चढवलेला डावा पाटा उघडा पडला. ती बाजू आता 2 सेंटीमीटर वर आहे. चाचा म्हणतात, एकच पाटा पुन्हापुन्हा तापवण्यात अर्थ नाही, दोन्ही बाजूंना एकाच पोलादाची नवी जोडी एकाच दिवशी घाला. पटलं. पण किती उंचीची? धाकट्याला कंपनीची उंची हवी आहे, पाट्यातली आपण काढलेली पानं, म्हणजे पट्ट्या, परत घालून. त्याचंही खोटं नाही, पान काढलं की वजन झेलायची ताकद जातेच. पण ही गाडी आता रिकामे क्रेट आणि थोडे बॉक्स याच्यापलीकडं काही नेत नाही. आणि ती आपण खाली बसवली आहे. तुला ती रुबाबदार दिसायला हवी होती, आणि आप्पांना आपण सांगितलं की बेदाण्याचे बॉक्स चढवायला सोपं जाईल. गंमत म्हणजे खरंच सोपं गेलं, शेवटची दोन वर्षं ते स्वतः बॉक्स चढवायचे. मला ती त्याच उंचीवर हवी आहे, फक्त सरळ.

तासगाव रोडवर पावसात तिची मागची चाकं लॉक झाली होती ते आठवतं? मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला गाडी भरलेली वाटतेय, चासी ॲक्सलजवळ आली ना, म्हणून तो मागं जास्त ब्रेक सोडतोय, हे तू भर पावसात उभं राहून ओळखलंस आणि व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीला जुळवलीस. त्या दिवशी मी तुला मानलं. उंची बदलली तर ते सगळं पुन्हा जुळवावं लागेल, आणि ते तुझ्याशिवाय मला कुणाच्या हातात द्यायचं नाही.

म्हणून विचारतो. आपण काढलेली पानं तू सुतळीनं बांधून गावभागातल्या घरी माळ्यावर टाकली होतीस. 2019 च्या पुरानंतर साफसफाई झाली त्यात ती गेली का? गंजलेली चालतील, चाचांना नमुन्याला हवीत. तू तेव्हा छातीठोकपणे सांगितलंस की दोन्हीकडचं तिसरंच पान काढलंय. चाचा म्हणतात उजवीकडचं चौथं असावं. पानं हातात आली की लांबी मोजून कळेल, आणि या भांडणाचाही निकाल लागेल.

वहिनींच्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला, त्यांना सांग. पोरीची दहावी ना यंदा? चाकणच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का ते कळव.

मी माळ्यावर स्वतः चढलो असतो, पण काकू तुझ्या सामानाला मला हात लावू देत नाहीत. त्यांना उद्याच फोन कर. सकाळी पूजेच्या आधी, नंतर त्या फोन उचलत नाहीत. म्हणजे दहा वाजता मी शिडी घेऊन जातो.

तुझा,
दिग्या