वाचनालयात व्हिडिओ गेम? चालेल की

संपादक महोदय, नमस्कार.

"मुलं वाचत नाहीत, मोबाईलमध्ये घुसलेली असतात" अशी पत्रं तुमच्याकडे सारखी येतात. मी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे त्यामुळे हे दुखणं रोजचंच आहे. संध्याकाळी बालविभागात फक्त कपाटं आणि आम्ही, आणि मुलं बाहेर पायऱ्यांवर, पाचजण एका मोबाईलभोवती.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा जुना लॅपटॉप आणला, त्याच्यावर माईनक्राफ्ट (ठोकळे रचून बांधकाम करायचा व्हिडिओ गेम) होतंच, टीव्हीला जोडला आणि दारात पाटी लावली, "किल्ला बांधा". अंगणात मातीचा करतात तोच, फक्त स्क्रीनवर. सातवीतल्या एका पोराने दरवाजा अगदी सरळसोट समोर काढला. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा मागे उभे होते, ते म्हणाले, "अरे बाळा, हत्ती थेट येऊन धडकेल की! रायगडाचा महादरवाजा बघ, कसा बुरुजांच्या आड लपवलाय." झालं, पोराला किल्ल्यांचं पुस्तक हवं झालं (त्या कपाटाची किल्ली शोधायला आम्हालाच दहा मिनिटं लागली, ही आमची अवस्था), त्यातला नकाशा बघून गोमुखी रचना (म्हणजे दरवाजा असा बुरुजांआड लपवायची पद्धत) त्याने समजून घेतली आणि आख्खा दरवाजा पाडून पुन्हा बांधला.

मीटिंगमध्ये अर्थातच "वाचनालयाचा क्लब करायचाय का" हे ऐकून घेतलं. कॅरम आणि बुद्धिबळ आमच्याकडे कित्येक वर्षं आहे, तेव्हा कोणी क्लब म्हटलं नाही! अमेरिकेत तर लायब्ररी असोसिएशनने 2008 पासून नोव्हेंबरात लायब्ररीत गेम खेळायचा दिवसच ठरवला. आणि लांब कशाला, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे जे पाच नियम सांगितले त्यातला शेवटचा हाच की ग्रंथालय ही वाढत राहणारी जिवंत गोष्ट आहे. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिनी त्यांच्या फोटोला हार घालतो तेव्हा हे कोणाला आठवत नाही.

पैसे लावून खेळायचे गेम मी म्हणतच नाहीये, ते 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदच केलेत. मी म्हणतोय शनिवारी दोन तास, मोठ्या टीव्हीवर, सगळ्यांसमोर, वहीत नाव लिहून प्रत्येकाला वीस मिनिटं. मुलींची वेळ वेगळी ठेवावी लागते, नाहीतर मुलगे रिमोट सोडतच नाहीत, आमच्याकडे पहिल्या दिवशी दोन मुली तासभर नुसत्या बघत बसल्या होत्या. आणि एक, "आधी पुस्तक वाच मग गेम मिळेल" अशी अट अजिबात नको, मी स्वतः ती सुचवली होती आणि चुकलो, पोरं पहिलं आणि शेवटचं पान वाचून हजर!

अडचण वेगळीच आहे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे आम्हाला वाचनालयाच्या वर्गानुसार (अ, ब, क, ड) अनुदान येतं, त्यात पुस्तकं आणि कर्मचाऱ्यांचा तुटपुंजा पगार भागवतानाच नाकी नऊ येतात. बालविभागासाठी असल्या साहित्याला वेगळे थोडे पैसे मिळावेत आणि नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं असावं, एवढंच मागणं आहे. वर्गणी काढून जुना कंट्रोलर (गेमचा रिमोट) घेतला तर खजिनदार विचारतात, ऑडिटला हे कशात दाखवू? सध्या "किरकोळ खर्च" मध्ये टाकलाय.

आपला,
एक वाचक