ताई, तुमच्या खोडलेल्या वर्तुळासाठी

आदरणीय ताई,

आपली भेट कधी झालेली नाही. ओळख म्हणावी तर चार ओळींच्या निरोपाएवढी. तरी हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय, कारण नुसतं 'धन्यवाद' टाकून मोकळं व्हायला मन तयार नाही.

दोन रात्री दुर्बिणीपाशी जागून मी एका लघुग्रहाचे फोटो काढले, शेजारच्या ताऱ्यांशी त्याचं तेज ताडून पाहिलं आणि सॉफ्टवेअरने उत्तर दिलं: स्वतःभोवती एक फेरी १.९७ तासांत! हुरळून जाऊन जाणकारांना दाखवलं. एकाने विचारलं, "मग तो अजून फुटला कसा नाही?" बाकीचे हसले. शंका रास्तच होती म्हणा. काही किलोमीटरचे लघुग्रह म्हणजे बहुधा गुरुत्वाकर्षणाने कसेबसे एकत्र राहिलेले दगडगोट्यांचे ढीग, २.२ तासांपेक्षा कमी वेळात फेरी मारू लागले तर विखरून जातील. पण हे समजावून सांगायला कुणाला सवड नव्हती. "आधी नीट शिकून ये" म्हणायला मात्र होती.

तुम्ही फक्त आकडे मागितलेत. दुसऱ्या दिवशी आला तो आलेख-कागदाचा फोटो. माझे एकशे चाळीस बिंदू, हाताने मांडलेले! तेज घटतं तिथे वक्रात पडलेल्या दोन दऱ्यांभोवती पेन्सिलची वर्तुळं, बाजूला बारीक अक्षरात, "या दोन सारख्या नाहीत, बघा." खरंच नव्हत्या. एक दुसरीपेक्षा जेमतेम ०.०५ मॅग्निट्यूडने (हे तेज मोजायचं माप) खोल. लांबट दगड फिरताना त्याची रुंद बाजू दोनदा समोर येते, निमुळतं टोकही दोनदा, म्हणून एका फेरीत दऱ्या दोन. सॉफ्टवेअरने दोन्ही दऱ्या एकीवर एक ठेवून अर्धीच फेरी मोजली होती. खरा काळ ३.९४ तास.

त्या कागदावर आणखी एक वर्तुळ होतं, चुकीच्या जागी काढून खोडलेलं. रबराचा डाग फोटोतही दिसतो. ताई, मला भिडला तो हा डाग. "दुप्पट कर" एवढं सांगून तुम्हाला सुटता आलं असतं. तुम्ही माझ्या आकड्यांपाशी अडखळलात, खोडलंत, पुन्हा बघत बसलात. वर बजावलंत की दर वेळी डोळे मिटून दुप्पट करायचं नाही, वेस्टा हा लघुग्रह आठवा. तो बराचसा गोल, त्याचं तेज पृष्ठभागावरच्या उजळ-काळ्या भागांमुळे बदलतं, त्याचे ५.३४ तास की १०.६८, हा घोळ भल्याभल्यांनाही लवकर सुटला नव्हता. हेही त्या हसणाऱ्यांपैकी कुणी मला सांगितलं नव्हतं. इरॉस या लघुग्रहाचं तेज कमीजास्त होतं हे १९०१ साली लक्षात आलं, तेव्हा कुठे होतं सॉफ्टवेअर! हुशार माणसं पुष्कळ भेटतात. नवख्याचा कच्चा कागद पुढ्यात ओढून बसणारी फार थोडी.

परवा ढग हटले. तिसऱ्या रात्रीचे बिंदू ३.९४ तासांच्या वक्रावर ठेवले. खोल दरीचे बिंदू खोल दरीतच पडले. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला.

तुमचा,
एक शिकाऊ