जुनी अमेरिकन गाणी का वाजवता?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आपल्याकडचे जॅझवाले अजून ऐंशी-नव्वद वर्षं जुनी अमेरिकन गाणीच घोळवत बसलेत, यांच्याकडे स्वतःचं काही आहे की नाही. मी वसईचा, सॅक्सोफोन वाजवतो, लग्नातही वाजवतो आणि जॅझच्या गिगलाही (म्हणजे कार्यक्रमालाही), आणि सेटलिस्ट, म्हणजे त्या दिवशी काय काय वाजवायचं याची यादी, करताना आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं याच गोष्टीवरून होतात, म्हणून म्हटलं दोन शब्द लिहावेत.

बऱ्याच गिगला आम्ही चौघं थेट साउंड चेकलाच, म्हणजे कार्यक्रमाआधी माइक-स्पीकर तपासतानाच, भेटतो हो. ड्रमर वांद्र्याहून आलेला, बेसवाला गोव्याहून, पियानोवाला भलत्याच कोणाच्या तरी बदली. रिहर्सलचे पैसे कोणी देत नाही. अशा वेळी 'ऑटम लीव्हज, जी मायनर, मिडियम' (गाणं, पट्टी, लय) एवढं म्हटलं की गाडी सुरू. आणि हे गाणं मुळात अमेरिकन नाहीच, हंगेरीत जन्मलेल्या जोसेफ कोस्मा यांनी १९४५ मध्ये पॅरिसला केलेली चाल आहे, शब्द जाक प्रेव्हेर यांचे, इंग्रजी शब्द जॉनी मर्सर यांनी नंतर लिहिले.

पण नुसती सोय म्हणून वाजवतो असंही नाही. या चालीत एक छोटा तुकडा चार वेळा येतो, दर वेळी एक पायरी खाली. जी ला सा धरलात तर लांब ठेवलेले सूर असे येतात, कोमल ध, मग प, मग म, मग कोमल ग. दुसऱ्या वेळेलाच ऐकणाऱ्याला कळतं की आता कुठे जाणार, आणि खालच्या कॉर्ड्सही (साथीला एकत्र वाजणारे सुरांचे गट) तशाच एकीला एक ओढत खाली येतात. आता ऐकणाऱ्याच्या डोक्यात चाल बसली की मला सोलोत, म्हणजे एकट्याने आयत्या वेळी मनाने वाजवताना, वाट्टेल तिकडे जायला मोकळीक मिळते, कारण तो मनातल्या मनात मूळ चाल धरून बसलेला असतो, मी कुठे लांब गेलो आणि कुठून परत आलो हे त्याला समजतं. यमनमधली एकच बंदिश दहा गवयांकडून ऐकायला आपल्याला कंटाळा येत नाही, उलट मजा येते, मग इथेच का तक्रार? (फरक आहे, मान्य. आमचं आवर्तन बत्तीस बारचं, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, आणि त्यात खालची जमीन, म्हणजे कॉर्ड्स, सारखी सरकत असते.)

बॅलडचं, म्हणजे संथ, भावपूर्ण गाण्याचं, गणित वेगळं. ज्याचे शब्द मला पाठ नाहीत ते बॅलड मी वाजवत नाही. अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन तर स्टेजवर आधी गाण्याच्या ओळी बोलून दाखवायचे आणि मग सॅक्स तोंडाला लावायचे. आता कोणी म्हणेल की दुसरे मोठे सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी १९३९ च्या 'बॉडी अँड सोल'च्या रेकॉर्डमध्ये सुरुवातीचे थोडे बार सोडले तर मूळ चाल जवळजवळ वाजवलीच नाही, तरी ती गाजली. गाजलीच. पण त्यांच्या मनात चाल होती हे प्रत्येक फ्रेझमध्ये ऐकू येतं, ते आमच्यासारख्याला जमलं तर बघू.

आणि स्वतःचं आणि दुसऱ्याचं ही भिंत जॅझमध्ये एवढी जाड कधी नव्हतीच. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची 'ऑर्निथॉलॉजी' घ्या, खाली कॉर्ड्स 'हाऊ हाय द मून'च्या, वर चाल पूर्ण नवी. कॉपीराइट चालीला मिळतो, कॉर्ड्सच्या क्रमाला नाही, त्यामुळे चाळीसच्या दशकात असे कितीतरी नवे ट्यून जुन्या घरांवर वरचे मजले चढवावेत तसे उभे राहिले. संगीतकार गर्श्विन यांच्या १९३० च्या 'आय गॉट ऱ्हिदम'वर किती ट्यून बसवले गेले त्याची तर मोजदादच नाही. मी माझे पहिले ट्यून असेच केले, आणि अजूनही कोणी तरुण पोरगा विचारायला आला तर त्याला हेच सांगतो, आधी जुन्या कॉर्ड्सवर लिही.

माझे ओरिजिनल, म्हणजे मी स्वतः रचलेले ट्यून, मी वाजवतो, नाही असं नाही. एक ट्यून रूपकच्या सात मात्रांत आहे, तो बदली बेसवाल्यासोबत अजिबात काढत नाही, एकदा काढला आणि तो सगळा वेळ ओठांनी एक दोन तीन मोजत होता, सोलो कसला करतोय. शिवाय नवीन चाल एकदाच वाजवून सोलोत शिरलं तर लोकांना कळतच नाही की सोलो कुठे सुरू झाला, टाळ्या कुठे वाजवायच्या. म्हणून ओरिजिनल असेल तर हेड, म्हणजे मूळ चाल, दोनदा, सरळ, काही नक्षीकाम न करता. आणि सेटमध्ये तो एखाद्या तगड्या स्टँडर्डच्या (सगळे जॅझवाले वाजवतात अशा जुन्या गाण्याच्या) लगेच नंतर ठेवायचा. तिथे फिका पडला तर पुढच्या गिगला यादीतून बाहेर, माझा असला तरी.

फर्माईशींचं तर विचारूच नका. 'टेक फाइव्ह' हमखास येते, आणि मी खुशीने वाजवतो, तिचे रचनाकार पॉल डेझमंड यांनी त्यांच्या ट्यूनची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला देऊन ठेवली होती हे मला फार आवडतं. 'हॉटेल कॅलिफोर्निया' मात्र लग्नातच, जेवणाच्या आधी.

राहिला आपलं-परकं हा मुद्दा. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये जॅझ वाजवायचे आणि तेच संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबतही काम करायचे, १९५१ च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. म्हणजे ज्या गाण्यांवर आपले आजी-आजोबा नाचले त्यात हेच परकं पाणी मुरलेलं आहे. ब्राझ गोन्साल्विस हेही गोव्याचेच, १९७० च्या आसपास ते सॅक्सोफोनवर राग घेऊन प्रयोग करत होते. हे सगळे स्टँडर्ड्स वाजवून तयार झालेले लोक.

जाता जाता एक विनंती तुम्हालाच. शास्त्रीय मैफलीच्या बातमीत कोणता राग, कोणती बंदिश, साथीला कोण हे सगळं येतं. जॅझच्या बातमीत मात्र 'सुमधुर सुरांनी रसिक मंत्रमुग्ध' आणि पाहुण्यांचा फोटो. ट्यूनचं नाव, कोणाचा ट्यून, बँडचा स्वतःचा कोणता, एवढं छापलंत तर त्या पत्रलेखकांना स्वतःच मोजता येईल की जुनं किती आणि आमचं किती. यादी शोधावी लागणार नाही, आमच्या नोटेशन स्टँडला चिकटवलेलीच असते, फोटो काढून घ्यायला सांगा.

आपला,
एक सॅक्सोफोनवाला, वसई