‘नमुनेदार’ म्हणजे ‘ओळखीचा’ नव्हे

संपादक महोदय,

उच्च मितींतील बहिर्वक्र घनांविषयीच्या (ज्यांतील कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड पूर्णपणे आतच राहतो, अशा भरीव आकृत्यांविषयीच्या) आपल्या लेखात ‘नमुनेदार घन’ म्हणून घनाकृती फाशाचे चित्र छापले होते, ते दिशाभूल करणारे वाटले. गणितात ‘नमुनेदार’ हा शब्द गणितज्ञ रने बेअर यांच्या कल्पनेनुसार येतो: सर्व बहिर्वक्र घनांच्या अवकाशात (जिथे प्रत्येक घन हा एक बिंदू मानतात) एखाद्या गुणधर्माचे अपवाद ‘कृश’, म्हणजे कुठेच दाट नसलेल्या गणनीय संचांचा मिळून बनलेल्या, संचात मावत असतील, तर तो गुणधर्म नमुनेदार घनाचा. फाशासारख्या बहुपृष्ठकांनी (सपाट बाजूंच्या घनांनी) कोणत्याही बहिर्वक्र घनाच्या हवे तितके जवळ जाता येते हे खरे. तरीही, वास्तव संख्यांमधील परिमेय संख्यांप्रमाणे, त्यांचा संच कृशच असतो.

व्हिक्टर क्ली यांनी १९५९ साली दाखवले की नमुनेदार घनाच्या पृष्ठावर ना कोपरा असतो, ना सरळ रेषाखंड. फासा टेबलावर ठेवला की पूर्ण बाजूवर बसतो; हा घन मात्र कसाही ठेवला तरी एकाच बिंदूत टेकेल. तो गुळगुळीत असला, तरी फार गुळगुळीत नसतो (त्याची वक्रता, म्हणजे पृष्ठ किती वाकते याचे माप, सर्वत्र सलगपणे बदलत नाही), ही पुस्ती पीटर ग्रुबर यांनी १९७७ साली जोडली.

खरी गंमत (लेखात तिचा उल्लेखही नाही) ट्युडोर झाम्फिरेस्कू यांच्या १९८० च्या निष्कर्षात आहे: अशा पृष्ठाची वक्रता जवळजवळ सर्वत्र, म्हणजे शून्य क्षेत्रफळाचा भाग वगळता, शून्य असते. कुठेही सपाट तुकडा नाही, आणि तरीही जवळजवळ प्रत्येक बिंदूपाशी वाक नाही! चित्रच छापायचे असेल, तर त्याखाली निदान ‘अपवाद’ असे लिहावे.

– एक वाचक