त्या खालच्या काचेविषयी

म्युनिक,
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी एकालाही उत्तर दिले नाही, याची बोच मनात आहे. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी नियमाने घेतो. आता मुख्य गोष्टीकडे वळतो, कारण ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणालाही सांगून कळणार नाही.

मंगळवारी आमच्या मोटार डिझाइनच्या स्टुडिओत प्रशिक्षणासाठी आलेल्या एका मुलीने खडतर वाटेवरच्या गाडीचे चित्र भिंतीवर लावले. नुसता अभ्यास म्हणून काढलेले चित्र होते. दाराचा खालचा अर्धा भाग तिने काचेचा ठेवला होता. मी दोन मिनिटेसुद्धा न पाहता म्हणालो, "पहिल्याच दगडाला फुटेल." जर्मनमध्ये म्हणालो, पण ते वाक्य माझेच, 2003 च्या त्या रात्रीचे, हे तुला सांगायला नको. तिने मान हलवली, पेन्सिल उचलली आणि काचेच्या जागी पत्रा दाखवायला रेघा मारू लागली. तिचे ते मान हलवणे पाहून माझ्या पोटात कालवले.

2003 साली कॉलेजातल्या सादरीकरणाच्या आदल्या रात्री तू चहाला खाली गेलास, तेव्हा आपल्या गाडीच्या पाचास एक प्रमाणातल्या मॉडेलच्या दाराची खालची खिडकी मी क्लेने, म्हणजे मॉडेल घडवायच्या मातीने, बुजवली. भट्टीतून काढलेली क्ले इतकी गरम होती की अंगठ्याला चटका बसला, तरी मी दाबत राहिलो, मग पट्टीने ती साफ केली आणि बाकीच्या दाराशी पृष्ठभाग असा मिळवला की तिथे कधी खिडकी होती हे कोणाला समजले नसते. तू परत आलास, दाराकडे पाहिलेस आणि एक शब्दही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी आपले कौतुक झाले ते "मजबूत, भरीव बाजू" म्हणून, आणि ते कौतुक मी घेतले. या गोष्टीबद्दल मी तुझी माफी कधीच मागितलेली नाही; आज मागतो. (त्या खिडकीच्या अॅक्रिलिकच्या तुकड्याचे पैसे मात्र मी तुला तेव्हाच दिले होते. तू कितीही नाही म्हण, यावर मी हटणार नाही.)

खिडकीची कल्पना तुला कुठून सुचली, हे मला पक्के ठाऊक होते, म्हणून तर माझा अपराध मोठा. काकांच्या जीपमधून पिठाच्या गिरणीची मोटर वरच्या वाडीत पोहोचवायला आपण वरंधा घाटाच्या अलीकडून कच्च्या वाटेला लागलो होतो. धुके असे की बॉनेटचे टोक दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी उपयोग नव्हता, कारण चाकासमोरचा दगड चालवणाऱ्याला बॉनेटमुळे कधीच दिसत नाही. काका म्हणाले, "एकाने उतरा आणि दगड सांगा." तू उतरलास. हातात बॅटरी, डोक्यावर पोत्याची खोळ, आणि दर चार पावलांवर काठीने दगड ढोसून तू ओरडत होतास, "हा बसलाय, हा हलतोय, डावीकडून घ्या." वाडीत पोहोचल्यावर तू म्हणालास, की गाडी अशी पाहिजे की चालवणाऱ्यालाच बसल्या जागेवरून चाक आणि दगड दोन्ही दिसले पाहिजेत. इंजिन सीटच्या मागे नेऊन पुढचा भाग आखूड करायचा, हेही तुझेच.

सप्टेंबर 2019 मध्ये मी फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनाला गेलो होतो. तिथे आउडीने 'एआय:ट्रेल क्वाट्रो' नावाची संकल्पना मोटार मांडली होती. लोकांच्या खांद्यांमधून मला आधी तिची चाके दिसली, 850 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे आपल्या कमरेच्या जवळपास येणारी. मग वाट काढत पुढे गेलो आणि थबकलो. काच थेट गाडीच्या आतल्या तळाच्या पातळीपर्यंत उतरलेली होती. समोर, बाजूला, सगळीकडे. मी गुडघे वाकवून बसलो तेव्हा काचेतून आतली पेडल्स दिसली, आणि पेडल्सच्या पलीकडे दुसऱ्या बाजूच्या काचेतून उभ्या माणसांचे बूट दिसले. दिगू, ती तुझी खिडकी होती. मी तिथे किती वेळ बसून राहिलो ते आठवत नाही, मागच्या एका बाईंनी "बरे आहे ना?" असे विचारले, तेव्हा उठलो.

गाडी तुला थोडी सविस्तर सांगतो, कारण तू सगळे विचारशीलच. प्रत्येक चाकाला स्वतःची विजेची मोटर, म्हणून चाकांत बळ वाटून देणारे डिफरन्शियल नाही आणि त्याचे लॉकही नाहीत. एक चाक हवेत राहिले तर बाकीच्या चाकांना हवे तेवढे बळ मिळते. चारही मिळून 320 किलोवॉट. बॅटरी तळाशी. पुढे इंजिनच नसल्यामुळे माणसे पुढे सरकली आणि काच खाली आली. तू इंजिन मागे ढकलून जे साधू पाहत होतास, ते इथे इंजिनच काढून टाकल्याने साधले. पोट जमिनीपासून 34 सेंटिमीटर वर, अर्धा मीटर पाण्यातून जाईल असे ते सांगतात. वजन 1,750 किलो, आणि खडतर वाटेवर 250 किलोमीटरची मजल. आत एकही मोठा पडदा नाही. चालवणाऱ्याने आपला फोन स्टीअरिंगजवळ लावायचा, बाकी वेळ बाहेर पाहायचे. मागच्या सीटा झोळीसारख्या, काढून बाहेर अंगणात टाकता येतील अशा. हे सगळे मला मनापासून आवडले.

दोन गोष्टी खटकल्या. एक तर लांबी 4.15 मीटर आणि रुंदी 2.15 मीटर, वरंधात समोरून एसटी आली तर दोघांपैकी एकाला मागे जावे लागेल, आणि एसटी जाणार नाही. दुसरी गोष्ट दिव्यांची. रात्रीच्या वाटेसाठी पाच त्रिकोणी ड्रोन पुढे उडत प्रकाश टाकतात आणि काम झाले की छतावर येऊन बसून चार्ज होतात. ते वाचले तेव्हा मला धुक्यातली तुझी बॅटरी आठवली. पण ड्रोन दगड ढोसून पाहत नाही. बसलेला दगड आणि हलणारा दगड वरून सारखेच दिसतात, आणि हे त्या सगळ्या मंडपात बहुधा मला एकट्यालाच ठाऊक होते, तेही तुझ्यामुळे.

तू म्हणशील, मग तुझा दगडाचा मुद्दा खोटा होता का? तोच विचार मंगळवारपासून डोक्यात घोळतो आहे. पूर्ण खोटा नव्हता. ती प्रदर्शनातली गाडी आहे. विकायची म्हटली तर बाजूने धडक बसेल तेव्हा जोर घेणारी तुळई त्या दारात कुठे घालायची, हा प्रश्न आजही आहे. उन्हात आतली माणसे भाजतील, हेही खरे. पण दिगू, त्या रात्री मी यातले काहीही मोजले नव्हते. मला भीती होती ती परीक्षकांची, आणि तिला मी दगडाचे नाव दिले. तू ज्या वाटेवर पायी चालून ती खिडकी शोधलीस, त्या वाटेवर मी जीपमध्ये कोरडा बसून होतो, आणि तरी दगडाविषयी अधिकाराने बोललो. मंगळवारी पुन्हा तेच केले. बावीस वर्षांनी तेच वाक्य तितक्याच सहज तोंडातून आले, याचे मला वाईट वाटते. आणि त्याहून वाईट याचे, की 2019 मध्ये त्या काचेसमोर बसून उठल्यावरही मी तुला फोन केला नाही. तू कॉलेज सोडून भोरला गॅरेज घातलेस, त्यात त्या रात्रीचा वाटा किती, हे विचारायचा धीर झाला नाही. आता विचारतो. खरे तेच सांग.

शुक्रवारी मी त्या मुलीजवळ बसलो. तिच्या वहीतले पहिले चित्र पुन्हा काढायला सांगितले आणि ही कल्पना तिला कुठून आली ते विचारले. तिचे आजोबा आल्प्समध्ये गवताचा ट्रॅक्टर चालवतात, आणि ती लहानपणी उतारावर पुढे चालून त्यांना खळगे दाखवत असे. मी काय बोलणार? तिला मॉडेलसाठी क्ले दिली आहे. खिडकी तशीच राहील.

वहिनींना नमस्कार. चिरंजीवांची दहावी कशी चालली आहे? गॅरेजची नवी शेड झाली का, आणि काकांचा गुडघा?

एक काम कर. तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही आईच्या पेटीत असेल तर शोध आणि बाजूच्या चित्राच्या पानाचा फोटो पाठव. सीट जमिनीपासून किती उंच धरली होतीस आणि नजरेची रेघ चाकापासून कितव्या हातावर जमिनीला टेकत होती, तेवढे मला हवे आहे. त्या मुलीला दाखवीन, तुझ्या नावानिशी.

तुझा,
नंदू